ट्रान्सजेनिक कीटकांची लाइन काही पिढ्यांनी मंदावते : जीन खरंच गेला का, आणि गेला नसेल तर नेमकं काय बिघडलंय

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे. बाहेरचा जीन आणि त्याच्यासोबत चमकणारा मार्कर घालायला गर्भात इंजेक्शन झालं, जी-वन म्हणजे त्यांच्या पिल्लांच्या पिढीत चमकणाऱ्या अळ्या मिळाल्या, लाइन उभी राहिली, पाच-सहा पिढ्या सगळं मस्त चाललं, आणि मग एक दिवस स्क्रीनिंग करताना लक्षात येतं की चमकणाऱ्या अळ्या कमी झाल्यात, किंवा चमक आहे पण फिकट झालीये, किंवा चमक अगदी ठणठणीत आहे पण ज्या कामासाठी जीन घातला ते कामच होत नाहीये. मग सगळे म्हणतात "ट्रान्सपोझॉन उडाला" (ट्रान्सपोझॉन म्हणजे जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा, त्यावर बसवूनच आपण जीन आत घालतो), जुनी लाइन फेकली जाते, नव्याने इंजेक्शन सुरू होतं, आणि नवी लाइन पण काही पिढ्यांनी तसंच करते. करणारच, कारण मूळ कारण कोणी शोधलेलंच नसतं.

माझं मत स्पष्ट सांगते. ट्रान्सपोझॉन उडून जाणं हे होऊ शकतं, पण शोधायला सुरुवात तिथून करायची नाही. जीन "गेला" असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. जीन आहे पण आपल्याला दिसत नाहीये, किंवा जीन त्या कीटकांत ठीक आहे पण कॉलनीतच त्याचं प्रमाण घटत चाललंय, किंवा डीएनए जागेवर आहे पण आरएनए बनायचं थांबलंय, किंवा डीएनएच तुटलाय वा निघून गेलाय. चौघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर सहा महिने वाया जातात, म्हणून आधी यातलं कुठलं ते ठरवा आणि मग हात घाला.

ठरवायला एक साधी पीसीआर पुरते (डीएनएचा ठराविक तुकडा आहे का ते बघायची चाचणी, असेल तर बँड म्हणजे पट्टी दिसते), पण ती नीट करायची. जे कीटक चमकत नाहीयेत तेच घ्या (चमकणाऱ्यांची पीसीआर करून बँड आला म्हणून खूश होण्यात काही अर्थ नाही), आणि प्रत्येक कीटकाचा डीएनए वेगळ्या ट्यूबमध्ये काढा, दहा जणांचा एकत्र वाटून नाही. एकत्र केला की त्यात एखादा वाहक असला तरी सगळ्यांचा बँड येतो आणि तुम्ही फसता. किडा जिवंत ठेवायचा असेल तर प्रौढाचा एक पाय पुरतो, डासांमध्ये तर कोषाची टाकलेली कात सुद्धा चालते. मग तीन गोष्टी बघा. एक, कीटकाचा स्वतःचा कुठलातरी जीन, म्हणजे डीएनए चांगला निघालाय याची खात्री. दोन, मार्करच्या आतला तुकडा. तीन, इन्सर्शनच्या, म्हणजे आत बसलेल्या तुकड्याच्या, काठावरचा तुकडा, म्हणजे एक प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) बाहेरच्या जीनोममध्ये आणि एक ट्रान्सपोझॉनच्या टोकात. त्यातच रिकाम्या जागेसाठीचा तिसरा प्रायमर टाकला, म्हणजे इन्सर्शनच्या दुसऱ्या बाजूच्या जीनोममधला, तर एकाच ट्यूबमध्ये होमोझायगस (गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींत जीन), हेटेरोझायगस (एकाच प्रतीत) आणि वाइल्ड टाइप (जीन नसलेला मूळ कीटक) तिन्ही ओळखता येतात.

आता वाचायचं कसं. चमक नाही, पण मार्कर आणि काठ दोन्ही बँड आले, तर जीन तिथेच आहे, तो गप्प झालाय किंवा तुम्हाला दिसत नाहीये. काहीच आलं नाही आणि फक्त रिकाम्या जागेचा बँड आला, तर तो कीटक वाइल्ड टाइप आहे, आणि बऱ्याचदा तो कायमच वाइल्ड टाइप होता, म्हणजे कॉलनीचा प्रश्न. काठ आला पण आतला तुकडा नाही किंवा भलत्याच लांबीचा आला, तर आत काहीतरी तुटलंय. मार्कर आला पण ओळखीचा काठ नाही, तर इन्सर्शन दुसरीकडे आहे, एक तर मुळातच दोन होते किंवा खरंच सरकलंय. ज्यांच्याकडे काठाचे प्रायमरच नाहीत, म्हणजे इन्सर्शन कुठे बसलंय हेच कधी काढलेलं नाही, त्यांनी सगळं थांबवून इन्व्हर्स पीसीआर किंवा लाँग-रीड सिक्वेन्सिंग करून घ्या. पत्ता माहीत नसलेल्या जीनचं ट्रबलशूटिंग होत नाही.

दिसत नसण्याबद्दल थोडक्यात. मायक्रोस्कोपचा मर्क्युरी लॅम्प म्हातारा झाला की सगळ्या लाइन्स एकदमच फिकट दिसायला लागतात, तेव्हा शेजारच्या रॅकवरची जुनी भरवशाची लाइन त्याच दिवशी त्याच सेटिंगवर बघा, ती पण फिकट असेल तर उत्तर मिळालं. थ्री-एक्स-पी-थ्री हा प्रमोटर (जीन कुठे चालू व्हायचा ते ठरवणारा तुकडा) डोळ्यात आणि मज्जासंस्थेत चालतो, त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या प्रौढात त्याची चमक रंगद्रव्याखाली झाकली जाते, तेच अळीत किंवा कोवळ्या कोषात छान दिसतं. म्हणजे गेल्या पिढीत अळ्या बघितल्या आणि या पिढीत वेळ नव्हता म्हणून प्रौढ बघितले, तर टक्का घसरणारच, जीनचं काही झालेलं नसतं. हिरव्या मार्करला आतड्यातल्या अन्नाची आणि क्युटिकलची म्हणजे बाहेरच्या कवचाची स्वतःची चमक आडवी येते. नवीन कन्स्ट्रक्ट (आत घालायचा जुळवलेला डीएनए) असेल तर मी लाल मार्करच सुचवेन, कारण लालमध्ये ही पार्श्वभूमी बरीच कमी असते.

आता कॉलनीचा भाग. निम्म्याहून जास्त भानगडी इथेच असतात असं मला अनुभवाने वाटतं, आणि सगळ्यात कमी लक्ष याच्याकडेच दिलं जातं.

एका इन्सर्शनचा हेटेरोझायगस कीटक वाइल्ड टाइपशी क्रॉस केला की अर्धी पिल्लं चमकली पाहिजेत. पाऊणच्या आसपास आली तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी इन्सर्शन आहेत, साडेसत्त्याऐंशी टक्के आली तर तीन. हे जी-वनमध्येच मोजलं तर पुढचा निम्मा त्रास वाचतो, कारण एकाच जी-वन आईबापाकडे दोन-तीन इन्सर्शन असणं पिगीबॅक या ट्रान्सपोझॉनमध्ये अगदी कॉमन आहे, पुढच्या पिढ्यांत ते एकमेकांपासून सुटे होतात, एकाची चमक झगझगीत आणि दुसऱ्याची मंद असते, आणि मग "लाइन फिकट होत चाललीये" असं वाटतं, खरं तर ती एक लाइन कधी नव्हतीच. उपाय एवढाच की एकेका कीटकाचा वाइल्ड टाइपशी क्रॉस करायचा, अर्धी-अर्धी विभागणी मिळेपर्यंत पुढे न्यायचं, आणि प्रत्येक इन्सर्शनला स्वतंत्र नाव देऊन स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवायचं.

दुसरी गोष्ट, चमकणाऱ्यांचे आपसात क्रॉस करून बघा. दोघे हेटेरोझायगस असतील तर तीनास एक यायला पाहिजे. दोनास एक येत असेल आणि कितीही वेळा केलं तरी तेच येत असेल तर होमोझायगस मरतायत, म्हणजे इन्सर्शन एखाद्या गरजेच्या जीनमध्ये बसलंय किंवा त्याच्या शेजारी एखादं घातक म्युटेशन त्याच्यासोबत चाललंय. अशी लाइन स्क्रीनिंग न करता नुसती पिंजऱ्यात सोडून दिली तर ती स्वतःहून विझते, आणि किती वेगाने ते गणिताने सांगता येतं. सगळे हेटेरोझायगस घेऊन सुरुवात केली तर पहिल्याच पिढीत चमकणारे दोन तृतीयांश उरतात आणि दहा पिढ्यांनी जेमतेम एक षष्ठांश. यात ट्रान्सपोझॉन कुठेही हललेला नाही, डीएनए एका अक्षराने बदललेला नाही, नुसती निवड चाललीये. तुमचा आलेख असा दिसत असेल, आधी झपाट्याने आणि मग हळूहळू खाली, तर हेच कारण समजा आणि आधी एवढं तपासा.

होमोझायगस जगत असतील पण मरतुकडे असतील तरी घसरण होतेच, फक्त हळू. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, दोष जीनचाच असतो असं नाही. लाइन एका कीटकापासून सुरू झालेली असते, मग भाऊ-बहिणींचे क्रॉस होतात, आणि इन्सर्शनच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा मोठा तुकडा जसाच्या तसा होमोझायगस होतो, त्यातले लपलेले वाईट जीन उघडे पडतात. म्हणून होमोझायगस करायच्या आधी चार-पाच पिढ्या चांगल्या, मोठ्या वाइल्ड टाइप कॉलनीशी आउटक्रॉस करा, दर वेळी चमकणारे निवडून. ही पायरी घाईत सगळे गाळतात, आणि मग ट्रान्सजीनवर फिटनेस कॉस्टचा, म्हणजे कीटक कमजोर केल्याचा, ठपका येतो, तो बिचाऱ्या जीनचा असतोच असं नाही.

होमोझायगस आहे की नाही हे चमकीच्या तीव्रतेवरून ठरवू नका. एकेकाचा वाइल्ड टाइपशी क्रॉस करा, दहा पिल्लं बघितली आणि दहाही चमकली तर हेटेरोझायगस असूनही तसं होण्याची शक्यता हजारात एक आहे, तेवढं पुरे. जोडीला तीन प्रायमरवाली पीसीआर असेलच. "ही लाइन होमोझायगस आहे" असं पिंजऱ्यावर लिहिलेलं असतं आणि आत दहा टक्के हेटेरोझायगस राहिलेले असतात, तिथूनच पुढे न चमकणारे बाहेर पडतात आणि मग सगळ्यांना वाटतं जीन अचानक उडाला.

एडिस इजिप्ती डासांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघायचं, चमकणाऱ्यांमध्ये नर-मादी वेगवेगळे मोजा. या डासात नर ठरवणारी जागा पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि तिच्या आसपास खूप मोठ्या पट्ट्यात रिकॉम्बिनेशन (डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) फार कमी होतं. इन्सर्शन तिथे बसलं तर ते जवळजवळ फक्त नरांकडून नरांकडे जातं, किंवा उलट मुलींकडेच जातं, आणि कोणी फक्त मादी निवडून पुढची पिढी वाढवली तर लाइन एका फटक्यात जाते. बाहेरून बघणाऱ्याला ते अस्थैर्य वाटतं, प्रत्यक्षात ते लिंकेज आहे, म्हणजे जीन त्या जागेशी जोडलेला आहे.

आणि मिसळ. एक वाइल्ड टाइप गाभण मादी पिंजऱ्यात शिरली, किंवा एका ट्रेमधल्या अळ्या पिपेटने दुसऱ्यात गेल्या, की संपलं, कारण वाइल्ड टाइप बहुतेक वेळा जास्त जोमदार असते आणि ती पुढे सरकत जाते. ओळखायचं असं, की न चमकणाऱ्या कीटकांचे दोन-चार मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी मार्कर (कूळ ओळखायच्या डीएनएतल्या खुणा) बघा, लाइनच्या पार्श्वभूमीशी जुळत नसतील तर पाहुणे आलेत. एकाच खोलीत दोन लाइन्स एकाच रंगाच्या मार्करच्या ठेवू नका हे तर अगदी कळकळीने सांगते, कारण तिथली मिसळ डोळ्यांना दिसतच नाही.

बरं, आता जीन आहे पण बोलत नाही तो प्रकार. यावर जरा वेळ घालवणार आहे कारण खरा फटका इथे बसतो, मार्कर चमकत असतो, सगळे निवांत असतात आणि मुख्य जीन केव्हाच बंद पडलेला असतो.

यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण डेंग्यूचं आहे. २००६ मध्ये एडिस इजिप्तीची कार्ब-७७ नावाची लाइन जाहीर झाली होती, मरिनर ट्रान्सपोझॉनने बनवलेली, रक्त प्यायल्यावर मादीच्या आतड्यात डेंग्यू-२ विषाणूविरुद्धचा उलट-सुलट जोडीचा आरएनए बनायचा आणि त्यातून आरएनएआय (जुळणारा आरएनए तोडणारी पेशीची यंत्रणा) चालू होऊन विषाणू अडायचा. छान चालली होती. पण सतरा पिढ्यांनंतर तो आरएनए बनायचाच थांबला आणि डासांची प्रतिकारशक्ती गेली. त्याच गटाने मग तोच कन्स्ट्रक्ट, अजिबात न बदलता, परत घालून नव्या लाइन्स केल्या, त्यातली कार्ब-१०९एम ही तेहतीसपेक्षा जास्त पिढ्या टिकली आणि डेंग्यू-२ ला अडवत राहिली. म्हणजे कन्स्ट्रक्ट तोच, कीटक तोच, बदलली ती इन्सर्शनची जागा. यावरून मला तरी एवढंच पटतं की एकाच इन्सर्शनवर सगळा प्रोजेक्ट उभा करणं चूक आहे. किमान पाच-सहा स्वतंत्र लाइन्स शेवटपर्यंत जिवंत ठेवा, जागा कमी पडली तरी.

जागेने एवढा फरक का पडतो? गुणसूत्राचा काही भाग, विशेषतः सेंट्रोमियरच्या आसपासचा, घट्ट गुंडाळलेला असतो, त्याला हेटेरोक्रोमॅटिन म्हणतात, आणि त्याच्या सीमेवर बसलेला जीन काही पेशींत चालतो आणि काहींत नाही. ड्रोसोफिला या फळमाशीच्या डोळ्यातले लाल-पांढरे ठिपके १९३० साली मुलर यांनी एक्स-रे वापरून मिळवले ते याचंच रूप होतं. तुमच्या लाइनमध्ये डोळा पूर्ण न चमकता ठिपक्याठिपक्यांनी चमकत असेल, किंवा एकाच आईबापाच्या पिल्लांत काही झगझगीत आणि काही मंद असतील, तर इन्सर्शन अशा सीमेवर आहे असं धरून चाला आणि ती लाइन दीर्घकालीन कामाला घेऊ नका, कितीही सुंदर दिसली तरी. दुसरं, कीटकांच्या जननपेशींमध्ये पी-आय-आरएनए नावाची ट्रान्सपोझॉन दाबणारी यंत्रणा असते, आणि एखादा ट्रान्सजीन अशा पी-आय-आरएनए बनवणाऱ्या पट्ट्यात जाऊन पडला तर तो स्वतःच दाबला जाऊ शकतो, आणि हे आईकडून अंड्यातून पुढे जातं. म्हणून चमक कमी झालेल्या लाइनमध्ये एकदा दोन्ही बाजूंनी क्रॉस करून बघा, ट्रान्सजीन आईकडून आला तर चमक कमी आणि बापाकडून आला तर ठीक, असा फरक दिसला तर संशय या यंत्रणेवर घ्या.

तपासायचं आरटी-पीसीआरने (आरएनएचा आधी डीएनए करून मग पीसीआर), पण कंट्रोल नीट ठेवा. आपल्या ट्रान्सजीनमध्ये बऱ्याचदा इंट्रॉन (आरएनएतून कापला जाणारा मधला तुकडा) नसतो, त्यामुळे आरएनएत थोडा डीएनए राहिला तरी तेवढ्याच लांबीचा बँड येतो आणि जीन चालतोय असं वाटतं. डीएनए तोडणारं डीएनेज वापरा आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम) न घातलेली ट्यूब दर वेळी चालवा. शिवाय मार्करचा आरएनए आणि मुख्य जीनचा आरएनए वेगवेगळे मोजा, मार्करवरून मुख्य जीनचा अंदाज बांधायचा नाही, त्यांचे प्रमोटर वेगळे असतात आणि एक बंद पडला म्हणजे दुसरा बंद पडतो असं काही नसतं.

उपाय? जुन्या गप्प लाइनला बोलती करायचा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही, अशी लाइन सोडून द्यावी. नव्या कन्स्ट्रक्टमध्ये दोन्ही बाजूंना जिप्सीसारखे इन्सुलेटर (शेजारच्या डीएनएचा परिणाम अडवणारे तुकडे) घालता येतात, ते मदत करतात पण हमी नाही, आणि ड्रोसोफिलात चालणारा इन्सुलेटर दुसऱ्या कीटकात तेवढाच चालेल असं धरू नका. त्यापेक्षा चांगला रस्ता म्हणजे डॉकिंग लाइन. आधी फक्त अ‍ॅट-पी जागा (इंटिग्रेज एन्झाइम नवा डीएनए जिथे जोडतं ती खूण) आणि एक मार्कर असलेल्या बऱ्याच लाइन्स करा, पंधरा-वीस पिढ्या पाळा, ज्या जागेची चमक आणि जोम टिकतो ती जागा निवडा, आणि मग त्याच जागी फाय-सी-३१ इंटिग्रेजने खरा जीन घाला. ड्रोसोफिलात हे २००४ मध्ये आलं, एडिस इजिप्तीत २००६ मध्ये. या इंटिग्रेजचा मोठा फायदा हा की जोडणी झाल्यावर दोन्ही काठ बदलतात आणि एकटं इंटिग्रेज ती जोडणी परत सोडवू शकत नाही. सुरुवातीला वेळ जातो हे खरंय, पण नंतर प्रत्येक नवा जीन ओळखीच्या, तपासलेल्या जागी बसतो.

आता शेवटी येऊया उडण्यावर. पिगीबॅक हा मूळचा कोबीवरच्या ट्रायकोप्लुसिया नी या पतंगाच्या पेशींमधून, बॅक्युलोव्हायरसच्या म्युटंट्सचा अभ्यास करताना सापडलेला. तो टीटीएए या चार अक्षरांच्या जागी बसतो आणि निघताना ती चार अक्षरं जशीच्या तशी ठेवून जातो, मागे खूणच राहत नाही. म्हणून रिकामी जागा सिक्वेन्स करून "इथे कधी होता का" हे कळत नाही, हर्मीस किंवा मरिनर या दुसऱ्या ट्रान्सपोझॉन्समध्ये थोडाफार ठसा तरी राहतो. पण उडायला ट्रान्सपोझेज एन्झाइम लागतं, आणि ते आपण हेल्पर प्लाझमिडमधून (एन्झाइमचा जीन असलेलं डीएनएचं वेगळं वर्तुळ) फक्त इंजेक्शनच्या वेळी दिलेलं असतं, काही पिढ्यांनी ते उरलेलं नसतं. म्हणजे उडवणारा कोणीतरी दुसरा पाहिजे. एक शक्यता हेल्पर प्लाझमिडच जीनोममध्ये बसलेलं असणं, हे पीसीआरने लगेच कळतं, ट्रान्सपोझेजच्या जीनचे प्रायमर वापरा. दुसरी शक्यता त्या कीटकाचा स्वतःचा नातलग ट्रान्सपोझॉन. ओरिएंटल फळमाशीच्या म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसच्या जीनोममध्ये पिगीबॅकशी अगदी जवळचे क्रम आहेत हे २००० सालीच नोंदवलं गेलंय, आणि ड्रोसोफिलातल्या होबो ट्रान्सपोझॉनचं एन्झाइम हर्मीसला हलवू शकतं हेही दाखवलेलं आहे. नुसते क्रम सापडले म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यातले बरेच मोडके असतात. खरी चाचणी अशी की हेल्पर न देता फक्त ट्रान्सपोझॉनवालं प्लाझमिड गर्भात इंजेक्ट करायचं, दुसऱ्या दिवशी प्लाझमिड परत काढायचं आणि त्यातून ट्रान्सपोझॉन सुटलाय का ते बघायचं.

शिवाय प्रत्येक कीटकाचं वागणं वेगळं आहे. एडिस इजिप्तीत एकदा बसलेला पिगीबॅक मुद्दाम ट्रान्सपोझेज देऊनही हलत नाही, इतका तो तिथे पक्का असतो. उलट अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सीत आणि ट्रायबोलियम भुंगेऱ्यात ट्रान्सपोझेज दिलं की तो छान उड्या मारतो, लोकांनी तर त्याचा वापर करूनच नव्या इन्सर्शन्स तयार केल्यात. त्यामुळे एडिसवाल्यांनी उडण्यावर वेळ घालवूच नये असं माझं मत, आणि अ‍ॅनोफिलिसवाल्यांनी ट्रान्सपोझेज बनवणारी लाइन आणि बाकीच्या लाइन्स एका खोलीत ठेवू नयेत.

कायमचा बंदोबस्त हवा असेल, विशेषतः लाइन बाहेर सोडायच्या विचाराने बनवत असाल, तर ट्रान्सपोझॉनचं टोकच काढून टाका. २००४ मध्ये ड्रोसोफिलात हे करून दाखवलं गेलं, कन्स्ट्रक्टमध्ये डावं टोक दोनदा ठेवायचं, आत बसल्यावर परत ट्रान्सपोझेज देऊन एका डाव्या टोकासकट उजवं टोक उडवून लावायचं, मागे एकच टोक आणि आपला जीन उरतो, आणि एका टोकावर ट्रान्सपोझॉन हलू शकत नाही. २००६ मध्ये भूमध्य फळमाशीत दोन्ही टोकं काढलेली इन्सर्शन्स पण झाली. निवड सोपी व्हावी म्हणून टोकांच्या मध्ये वेगळ्या रंगाचा मार्कर ठेवायचा, तो रंग गेला की काम झालं. हे सगळं पहिल्या डिझाइनमध्येच असावं लागतं, नंतर आठवून उपयोग नाही.

तुटण्याचा एक प्रकार मात्र ट्रान्सपोझॉनशी संबंधित नाही, तो आपल्या डिझाइनचा असतो. एकच प्रमोटर किंवा एकच टर्मिनेटर (जीनचा शेवट दाखवणारा तुकडा) एका दिशेने दोनदा वापरला की त्या दोन सारख्या तुकड्यांमध्ये रिकॉम्बिनेशन होऊन मधला भाग गळतो. काठ ठीक, आतला बँड छोटा, असं चित्र दिसतं. वेगवेगळे प्रमोटर वापरा, एकच प्रोटीन दोनदा हवं असेल तर कोडॉन (प्रोटीनच्या एकेका घटकासाठीची तीन अक्षरं) बदलून लिहा. उलट-सुलट जोडीचा तुकडा असेल तर मध्ये इंट्रॉनसारखा स्पेसर ठेवा, आणि तो ई. कोलायमध्येच तुटलेला नाही ना हे इंजेक्शनच्या आधी त्याच प्लाझमिडच्या तयारीतून सिक्वेन्स करून बघा, बऱ्याचदा कीटकावर खापर फुटतं आणि तुकडा बॅक्टेरियातच गळालेला असतो.

टेट्रासायक्लिनवर चालणारी मारक लाइन असेल (हे औषध खाद्यात असेल तोवरच कीटक जगतात) तर दोन जादा गोष्टी. पहिली, अन्नात किंवा प्राणिजन्य खाद्यात टेट्रासायक्लिनचा अंश असेल तर मरायला हवेत ते जगतात आणि सिस्टिम फुटली असं वाटतं, आधी खाद्याची बॅच बदलून बघा. दुसरी, खरोखरची फूट. जगलेला प्रत्येक कीटक आपल्या निवडीनेच वर येतो, त्यामुळे दुर्मिळ म्युटेशन सुद्धा कॉलनीत महाग पडतं. २०२० मध्ये ड्रोसोफिलाच्या अशाच एका लाइनमध्ये १२ लाख झायगोट (फलित अंडी) तपासले तेव्हा ट्रान्सजीनमध्येच तूट होऊन वाचलेले दहा लाखांत सहाच्या आसपास निघाले, आणि दुसऱ्या ठिकाणच्या, आईकडून काम करणाऱ्या दाबक जीनमुळे वाचलेले साधारण लाखात एक. छोट्या पिंजऱ्यात हे दिसणार नाही, लाखोंनी उत्पादन करताना दिसेल, म्हणून मारक भाग एकाऐवजी दोन वेगळ्या पद्धतीचे ठेवावेत असं जाणकार म्हणतात आणि मला ते पटतं. आणि हो, टेट्रासायक्लिनने वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींतला जिवाणू मरतो. ज्या कीटकात तो मुळात असतो तिथे लाइनच्या नरांमुळे काही अडचण येत नाही, पण लाइनच्या मादीचा वोल्बाकिया असलेल्या नराशी क्रॉस केला की अंडी फुटत नाहीत, आणि दोष ट्रान्सजीनच्या माथी जातो.

जीन ड्राइव्हवाल्यांसाठी (जीन ड्राइव्ह म्हणजे जोडीच्या गुणसूत्रावर स्वतःची कॉपी करून निम्म्याहून जास्त पिल्लांत जाणारा जीन) एवढंच, की तिथे अस्थैर्य ड्राइव्हच्या आत नसून लक्ष्याच्या जागी तयार होतं, कापलेली जागा कॉपी न होता वाकडीतिकडी जोडली जाते आणि परत कापता येत नाही. तेव्हा चमक न दिसणाऱ्या पिल्लांची लक्ष्य जागा सिक्वेन्स करा, ड्राइव्हची नाही. अ‍ॅनोफिलिस गँबीत डबलसेक्स या नर-मादी घडवणाऱ्या जीनची न बदलता येणारी जागा निवडल्यावर २०१८ मध्ये पिंजऱ्यातली संख्या सात ते अकरा पिढ्यांत कोसळली आणि प्रतिरोध वर आला नाही, फरक जागेच्या निवडीचा होता.

रोजच्या देखभालीचं म्हणाल तर मोठ्या फळमाशी फॅक्टऱ्यांमधली फिल्टर रिअरिंगची पद्धत लहान लॅबलाही लागू पडते. एक छोटी मातृ-कॉलनी, कमी गर्दीत, प्रत्येक पिढीत एकेक कीटक तपासून ठेवायची, प्रयोगाला लागणारे कीटक तिच्यातून काढून दोन-तीन पिढ्या वाढवायचे, आणि वाढवलेले कीटक परत मातृ-कॉलनीत कधीही टाकायचे नाहीत. मातृ-कॉलनीची एक प्रत दुसऱ्या खोलीत, शक्यतो दुसऱ्या माणसाकडे. एडिसची अंडी कागदावर सुकवून दमट डब्यात काही महिने राहतात, त्यामुळे जी-थ्री किंवा जी-फोरची अंडी बाजूला ठेवून दर काही महिन्यांनी ताजी करत गेलात तर कमी पिढ्या उलटतात आणि मागे जायला जागा राहते. प्रत्येक पिढीची चमकणाऱ्यांची आणि न चमकणाऱ्यांची संख्या लिहा, फक्त "ठीक" असं लिहू नका, कारण वर सांगितलेले सगळे आलेख त्या आकड्यांवरूनच ओळखता येतात.

आणि लाइन सोडायची कधी? कॉलनीचा प्रश्न असेल तर सोडू नका, चमकणारे दहा कीटक उरले असले तरी आउटक्रॉस करून ती परत उभी राहते. आतला भाग तुटला असेल तर न तुटलेले वाहक शोधा, एकाच पिढीत सगळे तुटत नाहीत, पण डिझाइन तोवर बदलायला घ्या. आरएनए थांबला असेल आणि दोन पिढ्या आउटक्रॉस करूनही परत आला नसेल, तर तिथे थांबा, त्या इन्सर्शनचा पत्ता नोंदवून ठेवा म्हणजे पुन्हा तिथे कोणी डॉकिंग करणार नाही, आणि दुसऱ्या जागेची लाइन पुढे काढा.